रान भिजलं, पण वारं कुणाचं होतं? : मे २०२५ मधल्या एका पेरणी-निर्णयाचा अभ्यास

पार्श्वभूमी

धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावातला हा शेतकरी गट. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. गटातल्या जवळजवळ सगळ्यांचं खरिपाचं पीक एकच, सोयाबीन, त्यात तुरीचे पट्टे. शिवाराचे मात्र सरळ दोन भाग पडतात. ओढ्याकडची जमीन काळी, भारी, चार-पाच फूट खोल. माळाकडची हलकी, हातभर खणलं की मुरूम. या फरकावर पुढे बरंच काही ठरणार होतं, पण मे महिन्यात तो कुणाच्या बोलण्यात नव्हता. मी या गटाला हवामानाबाबत सल्ला देतो. पेरायचं की नाही हे ज्याचं तो ठरवतो.

२०२५ च्या मेसारखा मे गावातल्या जुन्या माणसांनाही आठवत नव्हता. एरवी या दिवसांत नांगरलेलं रान उन्हात तापत पडलेलं असतं आणि ढेकळं फुटायला एखादा वळीव पुरतो. यंदा वळीव थांबायचं नाव घेईना. महिन्याच्या मध्यापासून दिवसाआड ढग उठायचे, विजा कडाडायच्या, तासभर झोडपून जायचे. वाफसा, म्हणजे औत चालेल इतपत ओल उतरलेली जमीन, मिळेना म्हणून कुळवाच्या पाळ्या राहून गेल्या, काढून ठेवलेला उन्हाळी कांदा रानातच सडला, आणि ज्या विहिरींचा तळ दिसायला हवा होता त्यांना पाझर फुटले. महसूल मंडळातल्या 'महावेध' या राज्याच्या हवामान प्रकल्पाच्या स्वयंचलित केंद्रावर महिन्याची बेरीज शंभर मिलिमीटरच्या बरीच वर गेली होती.

त्यातच बातम्यांचा भडिमार. १३ मेला मॉन्सून दक्षिण अंदमानात पोचला. केरळसाठी भारतीय हवामान विभागाने २७ मे, चार दिवस मागेपुढे, असा अंदाज दिला होता. तो २४ मेलाच आला, २००९ नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. २५ ला तळकोकण, २६ ला मुंबई. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे पंधरवड्याहून जास्त आधी आणि आजवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. २८ मेपर्यंत मॉन्सूनची उत्तर सीमा, म्हणजे तो जिथवर पोचला ती रेषा, मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी सरकली. आमचं गाव त्या रेषेच्या आत आलं होतं.

प्रश्न

२७ मेच्या रात्री देवळात बैठक बसली. रोहिणी नक्षत्र लागून दोन दिवस झालेले. गटातले एक ज्येष्ठ शेतकरी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी थेट विषयाला हात घातला. "सर, रान भिजलंय. मान्सून आला म्हणून टीव्हीवाले सांगत्यात, सरकारबी सांगतंय. मग चाड्यावर मूठ धरायला अडतंय कुठं?"

प्रश्न रास्त होता. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ती अट केव्हाच पुरी झाली होती. शिवाय लवकर पेरलं की लवकर निघतं आणि रब्बीच्या हरभऱ्याला रान मोकळं होतं, हा हिशेब इथल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्का असतो. दुसऱ्या बाजूला कृषी विभागानेच त्या आठवड्यात पेरणीची घाई करू नका असं आवाहन केलं होतं, कारण २७ मेनंतर राज्यात कोरडी हवा शिरणार आणि पाऊस ओसरणार, असा हवामान विभागाचा इशारा होता. लोकांना हे दोन्ही निरोप एकाच दिवशी मिळाले, मॉन्सून आला आणि पेरू नका. एक तरुण सभासद म्हणाला, "ह्येंचं ह्येंनाच मेळ न्हाई." सभेतली निम्मी माणसं हसली.

मेळ होता, पण तो समजायला त्या पावसाचं मूळ शोधावं लागतं.

पाऊस कुणाचा होता?

शाळेत शिकवतात ते आठवा. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्र तुलनेने थंड राहतो, जमिनीवर हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरून बाष्पाचे वारे आत येतात. कोकणात रोज दुपारी सुटणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचीच ही मोठी आवृत्ती. हे खोटं नाही, पण एवढंच धरलं तर गणित चुकतं. जमीन सर्वांत जास्त तापते एप्रिल-मेमध्ये, मग पावसाचा जोर तेव्हाच असायला हवा. प्रत्यक्षात मॉन्सून आल्यावर जमीन पाच-सात अंशांनी निवते आणि पाऊस तरीही तीन महिने चालू राहतो. म्हणजे नुसत्या तापलेल्या जमिनीपलीकडे काहीतरी आहे.

ते वर आहे आणि दूर आहे. दक्षिण गोलार्धात, मादागास्करच्या पूर्वेला साधारण तीस अक्षांशाजवळ मस्कारेन बेटांच्या आसपास, त्यांच्या हिवाळ्यात जास्त दाबाचं मोठं क्षेत्र जोर धरतं. तिथून निघालेली हवा आग्नेयेकडून विषुववृत्ताकडे येते. वाटेत पूर्व आफ्रिकेचे डोंगर आडवे येतात आणि तिला किनाऱ्याला लावून उत्तरेकडे वळवतात. विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे तीच हवा उजवीकडे वळते आणि सोमालियाजवळून नैर्ऋत्येचे वारे होऊन अरबी समुद्रात शिरते. जमिनीपासून दीडेक किलोमीटर उंचीवर हा झोत सर्वांत वेगवान असतो. १९६९ मध्ये फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात. आपल्या पावसाचं पाणी बहुतांश याच वाटेने येतं.

पण झोत सुरू झाला म्हणजे काम झालं असंही नाही. हवा आत आली तर ती वर चढून कुठेतरी बाहेर पडायला हवी. मेच्या अखेरीस तिबेटचं पठार आणि त्यावरचं वातावरण इतकं तापतं की वरच्या थरांत भारताच्या उत्तरेची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षा उष्ण होते. एरवी असतं त्याच्या उलट. ही उलटापालट झाली की हिवाळाभर हिमालयाच्या दक्षिणेला वाहणारा पश्चिमी झोत उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोराचे वारे वाहू लागतात. तिबेटच्या उष्णतेला किती श्रेय द्यायचं यावर मात्र वाद आहे. हिमालयाची भिंत उत्तरेची कोरडी, थंड हवा अडवते हेच मुख्य काम, असं २०१० मध्ये बूस आणि क्वांग या अभ्यासकांनी प्रारूपांच्या आधारे मांडलं. आमच्या प्रकरणापुरता हा दुसरा मुद्दा जास्त कामाचा ठरला, कारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्हाला छळलं ते कोरड्या हवेनेच. फक्त ती हिमालय ओलांडून आली नाही, वायव्येच्या मोकळ्या अंगाने आली.

शेवटचा दुवा बाष्पाचा. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे पंचवीस लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. ती ढगाभोवतीची हवा तापवते, हवा आणखी वर चढते, खाली जागा होते, समुद्रावरून आणखी बाष्प ओढलं जातं. एकदा हे चक्र धरलं की मॉन्सून स्वतःच्याच पावसावर चालतो. ते धरण्यासाठी बाष्पाचा थर जाड लागतो. म्हणून केरळात आगमन जाहीर करताना हवामान विभाग नुसता पाऊस पाहत नाही. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान अडीच मिलिमीटर पाऊस हवा, त्याबरोबर पश्चिमेचे वारे ६०० हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे चार किलोमीटरच्या वरपर्यंत, पोचलेले हवेत, आणि समुद्रावर ढग इतके दाट हवेत की तिथून अवकाशात जाणारी उष्णता दर चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली यावी.

हे सगळे निकष केरळचे आहेत. पुढे मॉन्सूनची रेषा सरकवताना पाऊस, वारे आणि बाष्प यांचा एकत्र अंदाज घेतात, पण केरळसारखी आकड्यांची अट नाही. आणि रेषा इथवर आली एवढंच ती सांगते. मागून येणारा प्रवाह किती दिवस टिकेल, हे तिच्यात नसतं.

आता आमच्या गावाचा मे पाहू. महिन्याच्या मध्याचा पाऊस सरळसरळ वळीव होता. दुपारची तापलेली जमीन, दोन्ही समुद्रांवरून येऊन मिसळलेलं बाष्प, संध्याकाळी उंच वाढलेले ढग, गडगडाट, आणि एका शिवारात धो-धो तर पलीकडे कोरडं. शेवटच्या आठवड्यातला पाऊस वेगळा. त्या आठवड्यात कर्नाटक-गोवा किनाऱ्यालगत कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, २४ मेला ते आणखी तीव्र होऊन त्याचं डिप्रेशन झालं आणि रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान ते जमिनीवर आलं. नुकत्याच बळावलेल्या नैर्ऋत्य वाऱ्यांना त्याने खेचून किनाऱ्यावर आणि घाटावर आणलं. रेषा दोन-तीन दिवसांत केरळपासून मुंबईपर्यंत धावली ती या ओढीमुळे.

आणि ओढणारं निघून गेलं की काय होतं, तेही लगेच दिसलं. २९ मेला बंगालच्या उपसागरातलं खोल डिप्रेशन पश्चिम बंगालमधलं सागर बेट आणि बांगलादेशातल्या खेपुपाडाच्या दरम्यान किनारा ओलांडून ईशान्येकडे गेलं. बाष्पाचा लोंढा त्याच्यामागे गेला. आसाम, मिझोराम, सिक्कीममध्ये पूर आणि दरडी. इकडे महाराष्ट्रात वायव्येकडून कोरडी हवा. रेषा होती तिथेच थबकली.

पर्याय

बैठकीत चार वाटा पुढे आल्या.

पहिली, वाफसा येईल तसं लगेच पेरायचं. आबांचा आणि ओढ्याकडच्या बहुतेकांचा कल तिकडे होता.

दुसरी, मृग ओलांडून १५ जूननंतरच तिफण बाहेर काढायची. ही माझी शिफारस होती. कारण म्हणून मी २००९ चं उदाहरण ठेवलं. त्या वर्षी मॉन्सून २३ मेला केरळात आला, २५ मेला 'आयला' चक्रीवादळ बंगालवर धडकलं आणि मागे प्रवाहच तुटला. देशात जूनचा पाऊस सरासरीच्या जवळपास निम्मा राहिला आणि हंगाम ७८ टक्क्यांवर संपला. २०२५ मध्ये तसाच दुष्काळ पडेल असं मी म्हटलं नाही, म्हणायला आधारही नव्हता. लवकर आगमनाचा आणि हंगामाच्या एकूण पावसाचा भरवशाचा संबंध नाही. पण लवकर आगमन, मग उपसागरातली प्रणाली, मग पावसात खंड, हा क्रम त्या रात्री नकाशावर दिसत होता.

तिसरी वाट, जमीन बघून तोडगा. भारी रानात पेरायचं, मुरमाड थांबवायचं. ही एका कृषी पदवीधर सभासदाने मांडली आणि गोंगाटात ती जवळजवळ विरून गेली.

चौथी, ज्यांच्या विहिरीला पाणी आहे आणि तुषार संच आहे त्यांनी थोडं पेरून बघायचं. गटात असे मोजकेच.

पेरणी वाया गेली तर काय, हा मुद्दा यंदा जास्त टोचणारा होता. एक रुपयातली पीकविमा योजना बंद झाली होती आणि सुधारित योजनेत भरपाई कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याचं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर, ठरणार होती. पेरणी फसल्याचं वेगळं संरक्षण उरलं नव्हतं. सोयाबीनचं बियाणं एकरी तीस किलो लागतं. दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून जाणार होता.

निर्णय आणि कृती

एकमत झालं नाही. गटाने ठराव केला नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. ज्याचं रान त्याचा निर्णय. पण दोन गोष्टी सगळ्यांनी मान्य केल्या. बियाणं घरचं असो की दुकानचं, उगवणचाचणी आणि बीजप्रक्रिया केल्याशिवाय पेरायचं नाही. आणि रोज संध्याकाळी वाऱ्याची खबर गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायची.

ही दुसरी गोष्ट माझी, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो. मोबाइलवर वाऱ्याचे नकाशे आता कुणालाही दिसतात. गल्लत अशी होते की लोक जमिनीलगतचा वारा आणि पावसाचे निळे पट्टे बघतात. मी त्यांना दोनच थर बघायला सांगितले, ८५० हेक्टोपास्कल म्हणजे दीड किलोमीटर आणि ५०० म्हणजे साधारण साडेपाच-सहा किलोमीटर. खालच्या थरात अरबी समुद्रावरून सलग, जाड पट्टा येतोय का, आणि वरच्या थरात हवा दमट आहे की राजस्थान-पाकिस्तानकडून कोरडी उतरतेय. ३० मे ते १० जून या काळात खालचा वारा पश्चिमेचाच होता, कधी कधी जोराचाही. वरची हवा मात्र कोरडी.

गावात ते डोळ्यांनी दिसत होतं. दिवसभर वारं सुटायचं, पांढऱ्या ढगांची पिल्लं पश्चिमेकडून पळत यायची आणि पूर्वेकडे निघून जायची. थेंब नाही. अरबी समुद्राचा वारा सह्याद्री चढताना बरंचसं पाणी घाटावर टाकतो आणि पलीकडे उतरताना तापतो. मराठवाड्यात त्याच्यातून पाऊस पाडायचा तर हवेला वर उचलणारं काहीतरी लागतं, उपसागराकडून सरकत आलेलं कमी दाबाचं क्षेत्र किंवा कमी दाबाचा लांबट, द्रोणीय पट्टा. ते नसेल तर मॉन्सूनचाच वारा आमच्याकडे रान सुकवण्याचं काम करतो. आबांनी एका संध्याकाळी बांधावर उभं राहून मूठभर माती उचलली. वरची दोन बोटं भुगा, खाली ओल. "खाली हाय की अजून," म्हणाले. ते बरोबर होते, त्यांच्या रानापुरते.

गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांनी ३० मे ते २ जूनच्या दरम्यान पेरलं. त्यांत बरेच भारी जमिनीचे, पण माळावरचेही काही जण शेजाऱ्याचं बघून उतरले. बाकीचे थांबले. थांबलेल्यांनी वेळ वाया घालवला नाही. मेच्या पावसाने उगवलेलं तण कुळवाने मोडलं, पुन्हा उगवलेलं पुन्हा मोडलं, राहिलेल्या पाळ्या पुऱ्या केल्या. ज्यांनी घाईत पेरलं त्यांना हे तण पुढे पिकातून खुरपून काढावं लागलं.

काय झालं

जूनचा पहिला पंधरवडा कोरडा गेला. पारा पुन्हा सदतीस-अडतिसावर चढला. ऊन-वाऱ्याने अशा दिवसांत सहा-सात मिलिमीटर ओल सहज उडते, म्हणजे आठवड्याला पंचेचाळीसेक. आता शिवाराचे दोन भाग आठवा. काळ्या खोल जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला मिळेल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी मावतं, आणि मेच्या पावसाने ते भरून ठेवलं होतं. हातभर मातीच्या माळरानात तीस-चाळीसच्या पलीकडे मावत नाही. वरचा थर सुकला की तोच खालच्या ओलीवर झाकण होतो आणि उडण्याचा वेग मंदावतो, पण झाकायला खाली काही शिल्लक लागतं. माळावर ते नव्हतं.

ओढ्याकडचं सोयाबीन पाचव्या-सहाव्या दिवशी एकसारखं उगवलं, दुपारी माना टाकायचं, सकाळी ताठ व्हायचं. माळावर उगवण विरळ झाली. जी रोपं वर आली ती दोन पानांवर करपली. तिथल्या बहुतेकांना दुबार पेरणी करावी लागली. तुषारवाल्यांनी एक पाणी देऊन रोपं वाचवली.

१६ जूनच्या सुमारास गुजरातजवळ आणि बंगालच्या बाजूला कमी दाबाची क्षेत्रं तयार झाली आणि मॉन्सूनची रेषा पुन्हा हलली. कोकणात आणि घाटावर मुसळधार. आमच्याकडे भुरभुर. पेरण्याजोगा पाऊस आर्द्रा लागल्यावर मिळाला, आणि थांबलेल्यांची पेरणी जूनच्या शेवटच्या आठवड्यात झाली. २९ जूनला मॉन्सूनने सगळा देश व्यापला, नेहमीच्या ८ जुलैच्या नऊ दिवस आधी. कागदावर मॉन्सून लवकर आला आणि लवकर पसरला. आमच्या गावातल्या थांबलेल्या शेतकऱ्यांची पेरणी मात्र नेहमीपेक्षा उशिरा.

इथे हे प्रकरण संपलं असतं तर 'थांबलेले शहाणे, माळावरचे उतावळे' असा निकाल लावून मोकळं होता आलं असतं. पण सप्टेंबर उजाडला.

३० मे ते २ जूनला भारी रानात पेरलेलं शंभर दिवसांचं सोयाबीन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढणीला आलं. ज्यांना उघडीप साधली त्यांनी कापून, मळून घरात घेतलं. जूनअखेर पेरलेलं त्या वेळी शेंगा भरत होतं. २० सप्टेंबरनंतर मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, धाराशिव, बीड, लातूर आणि शेजारच्या सोलापुरात नद्यांना पूर आले, रानं वाहून गेली. आमच्या ओढ्यालाही पाणी आलं. थांबलेल्यांचं पीक, ज्यांनी माझं ऐकलं होतं त्यांचं, पाण्यात उभं राहिलं. शेंगांतच कोंब फुटले. देशाचा हंगाम सरासरीच्या १०८ टक्क्यांवर संपला.

आबांनी मला त्यावरून एकदाही टोमणा मारला नाही. बाकीच्यांनी ती कसर भरून काढली.

निर्णय आणि निकाल

मे महिन्यात सप्टेंबरचा पूर कुणाला दिसत नव्हता आणि दिसणं शक्यही नव्हतं. दोन आठवड्यांच्या पलीकडे कुठल्या आठवड्यात कुठे अतिवृष्टी होईल हे सांगता येत नाही. म्हणून आबांच्या फायद्याचं श्रेय त्यांच्या पेरणीच्या तारखेला देणं आणि थांबलेल्यांचं नुकसान त्यांच्या सबुरीच्या माथी मारणं, दोन्ही मला पटत नाही. पण आबांच्या निर्णयात नशिबाशिवाय आणखी काही होतं, हेही मान्य करायला हवं. त्यांना आपल्या रानाची खोली माहीत होती. मी वाऱ्याकडे पाहत होतो, ते मातीकडे. खंड पडणार हा माझा अंदाज खरा ठरला. तो खंड त्यांची जमीन झेलणार हा त्यांचाही खरा ठरला. माळावर पेरणाऱ्यांकडे या दोन्हींपैकी काहीच नव्हतं, त्यांनी शेजाऱ्याची तिफण पाहिली.

खरा निर्णायक क्षण म्हणून मी २७ मेची बैठक धरत नाही, ३० मेची सकाळ धरतो. तोवर उपसागरातलं डिप्रेशन ईशान्येकडे निघून गेलं होतं, वरच्या थरात कोरडी हवा नकाशावर स्पष्ट होती आणि हवामान विभागाचा इशारा खरा ठरताना दिसत होता. त्या सकाळी माळावरच्या लोकांना पुन्हा एकत्र बसवलं असतं तर बरेच थांबले असते. व्हॉट्सॲपवर खबर गेली होती, पण पेरणीच्या धांदलीत मोबाइल खिशातच राहतो.

वेगळं काय करता येईल

तिसरी वाट, जमीन बघून पेरणी, बैठकीत नीट मांडली जायला हवी होती. पुढच्या हंगामाआधी गटाने गट नंबरनिहाय मातीच्या खोलीची यादी करायचं ठरवलं आहे. पहार ठोकून मुरूम किती खाली लागतो एवढंच लिहायचं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. हातभरापेक्षा कमी खोली असेल तर पाऊस कितीही झालेला असो, पुढच्या आठ-दहा दिवसांत पावसाची आशा नसेल तर पेरायचं नाही.

पंचाहत्तर-शंभर मिलिमीटरचा नियमही जसाच्या तसा चालत नाही. तो नियम जूनच्या पावसासाठी आहे, जेव्हा मागे प्रवाह उभा असतो. मेच्या वळवाने ती बेरीज भरली तर रान भिजल्याचं कळतं, पुढचं काही कळत नाही. म्हणून गटाने एक जोड दिली आहे. बेरीज भरली असली तरी ८५० च्या थरात सलग प्रवाह आणि ५०० च्या थरात दमट हवा हे दोन्ही तीन दिवस टिकले, तरच माळावर मूठ धरायची.

उशिरा पेरणाऱ्यांनी कमी दिवसांचं वाण घ्यावं का, यावर अजून वाद चालू आहे. लवकर येणाऱ्या वाणांचा उतारा थोडा कमी पडतो, आणि दरवर्षी सप्टेंबर असाच बुडवेल असं गृहीत धरून दरवर्षी उतारा सोडायला कुणी तयार नाही. सगळं रान एकाच तारखेला न पेरता दोन टप्प्यांत पेरावं, हे तत्त्वतः सगळ्यांना मान्य आहे. पण ट्रॅक्टर दोनदा बोलवायचा खर्च निघाला की मान्यता पातळ होते.

आबांना विचारलं, पुन्हा मेमध्ये असाच पाऊस झाला तर? म्हणाले, "वड्याकडचं पेरणार. माळाचं तुमी सांगताल तवा."